परिशिष्ट अ : वापरलेला प्लग, एक नग

शेरासाहेबांच्या टेबलावरून सत्तावीस वर्षांत एकही कागद पहिल्या फेरीत सुटला नव्हता. पाणी खात्याचे हेडक्लार्क. नळ मागायला आलेल्या माणसाकडे हे आधी तहान लागल्याचा दाखला मागतील, असं खात्यातलेच लोक म्हणायचे, आणि ते काही फार खोटं नव्हतं. अर्ज हातात आला की लाल शाईचं पेन बाहेर. 'त्रुटी आहे. पूर्तता करून पुन्हा सादर करावे.' हाच तो शेरा, आणि यावरूनच ते नाव पडलेलं. तोंडावर 'साहेब', पाठीमागे बरंच काही.

असल्या माणसाने बावन्नाव्या वर्षी शर्यतीची मोटरसायकल बनवायला घ्यावी, याचं लोकांना उगाच नवल वाटलं. जो माणूस दिवसभर जगाला थांबवतो त्याला कधीतरी स्वतः सुसाट सुटावंसं वाटणारच.

गाडी म्हणजे एक जुनी, दोन-स्ट्रोकची, चिमुकली मोटरसायकल. तिचे दिवे काढले, मडगार्ड काढलं, मागची सीट काढली. सिलिंडरची दारं कानशीने घासून रुंद केली. मध्येच गरोदर असल्यासारखा फुगलेला सायलेन्सर बसवला. आणि मूळच्या कार्ब्युरेटरच्या जागी त्याच्या दुप्पट मोठा कार्ब्युरेटर. नाकापेक्षा मोती जड, तसला प्रकार. या सगळ्यावर शेरासाहेब स्वतः बसणार होते. वजन शहाऐंशी किलो. ते बसले की गुडघे कोपरांना लागायचे आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं, एक गृहस्थ हवेतच उकिडवे बसून चाललेत.

ही गाडी राहायची जिन्याखालच्या खोलीत. खोलीला दार एक, खिडकी शून्य, पिवळा बल्ब एक. आणि याच खोलीवर शेरासाहेबांच्या बायकोचा डोळा होता. ती रंगाच्या दुकानात सोळा वर्षं रंग जुळवायचं काम करत होती. लोक भिंतीची खपली, तुटलेल्या फुलदाणीचा तुकडा, काहीही घेऊन यायचे आणि "अस्सा हवा" म्हणायचे, आणि ती अस्सा करून द्यायची. तिला आता हे काम घरी करायचं होतं, स्वतःच्या नावावर.

"अहो, एकदाच काय ते ठरवा. ती खोली मला हवी आहे."

"शर्यत होऊ दे."

"शर्यत झाली की?"

"दहा फेऱ्या आहेत. पूर्ण केल्या तर गाडी राहील आणि खोली माझी."

"आणि नाही झाल्या तर भंगारवाला. लिहून द्या."

लिहून दिलं. दोन प्रतींत. बायकोच्या सहीखाली तारीख नव्हती म्हणून शेरासाहेबांनी तेवढ्यात तिच्या प्रतीवर शेरा मारला. हा माणूस मरताना यमालाही पोचपावती मागेल.

आता राहिलं होतं एकच काम. जेट. कार्ब्युरेटरच्या पोटात पितळेचा एक तुकडा असतो, बोराच्या बीएवढा, मधोमध सुईने पाडल्यासारखं भोक. इंजिन जोरात पळत असताना त्याला पेट्रोल किती मिळायचं ते हे भोक ठरवतं. नंबर मोठा तर भोक मोठं. भोक मोठं झालं की इंजिनाला अपचन होतं, धूर ओकतं. लहान झालं की इंजिन उपाशी पडतं, तापतं, आणि पिस्टन फुगून सिलिंडरला अशी मिठी मारतो की हातोड्याशिवाय सुटत नाही. बरोबर जेट ओळखायचा तर गाडी पूर्ण जोरात पळवायची, त्याच दमात इंजिन बंद करायचं, आणि स्पार्क प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा म्हणजे कमी. बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे बरोबर. सगळी विद्या त्या एका रंगात.

"रंग?" बायको म्हणाली. "मग आणा की इकडे. मी बघते."

"हे इंजिन आहे. दिवाणखान्याची भिंत नाही."

सोळा वर्षं गिऱ्हाइकं सांभाळलेली बाई. गिऱ्हाईक परत येतंच, हे तिला माहीत होतं.

गाडी पूर्ण जोरात पळवायला रस्ता हवा. घरासमोरच्या गल्लीत एकदाच पळवली. त्यावर सोसायटीच्या चेअरमनची नोटीस आली की सदर वाहनाच्या आवाजाने तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटातले काचेचे पेले एकमेकांशी बोलू लागले आहेत. मग शेरासाहेबांना आठवलं, खात्याच्या पाणी शुद्ध करायच्या टाक्यांमागे एक सरळ रस्ता आहे, सहाशे मीटरचा, सकाळी सातपर्यंत तिथे कावळासुद्धा नसतो. पण तो खात्याचा. म्हणजे अर्ज आला.

अर्ज त्यांनी केला. तो टपालात पडला. टपालातून, नियमाप्रमाणे, हेडक्लार्ककडे आला.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? सही करून वर पाठवला असता. शेरासाहेबांनी आपलाच अर्ज पुढे ओढला, वाचला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. अर्जदाराने वाहनाचा प्रकार लिहिला नव्हता. प्रयोजन मोघम होतं. हात आपोआप लाल पेनाकडे गेला. 'त्रुटी आहे. पूर्तता करून पुन्हा सादर करावे.'

तो कागद टपालाने घरी आला तेव्हा त्यांचा संताप अनावर झाला.

"काय कारभार आहे हा! एवढ्याशा कामाला माणसाला हेलपाटे घालायला लावतात!"

"सही कोणाची आहे?" बायकोने विचारलं.

त्यांनी पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "शेरा मात्र रास्त आहे," ते म्हणाले, आणि पूर्तता करायला बसले.

शेवटी खात्याच्या इंजिनिअरसाहेबांनीच फोनवर सांगून टाकलं, "अहो, कागद फिरू दे त्याच्या गतीने. तुम्ही सकाळी साडेसहाला या आणि सातच्या आत निघा."

तोंडी परवानगीवर काम करायची शेरासाहेबांच्या आयुष्यातली ही पहिली वेळ. पहिल्या सकाळी टाक्यांमागे त्यांना चोरी करतोय असं वाटत होतं.

पद्धत अशी. पळवायची, बंद करायची, तशीच ढकलत घरी आणायची. घर जवळच होतं. प्लग घरी अंगणात काढायचा, कारण पाना घरी. पण अंगणात प्लग काढला की माणसं जमायची. उंटावरचे शहाणे. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर तर दात घासता घासताच खाली यायचे.

"कीड आहे," डॉक्टर प्लग उजेडाला धरून म्हणायचे. "मुळापर्यंत गेलीय. मी असतो तर काढलाच असता."

"काढलेलाच आहे, डॉक्टर."

"मग कवळी बसवा."

चेअरमन वरून ओरडायचे, "साहेब, त्यापेक्षा सायकल घ्या! पोट तरी कमी होईल!"

बोचलं ते हेच. सत्तावीस वर्षं ज्याच्यापुढे माणसं टोपी काढून उभी राहिली, त्याच्या प्लगवर आता वाटेल त्याने बोलावं? शेरासाहेबांनी दुसऱ्या दिवसापासून गाडी थेट जिन्याखालच्या खोलीत ढकलली, दार आतून लावलं, आणि पिवळ्या बल्बखाली प्लग काढून बघायला सुरुवात केली.

खोलीत त्यांनी एक वही ठेवली होती. रीतसर रकाने आखलेली. सुरुवात एकशे दहा नंबरच्या जेटने. प्लग काळाकुट्ट दिसला. शेरा: 'अयोग्य. कायमचा बाद.' एकशे पाच. अजूनही गडदच. शेरा: 'सुधारणा अल्प.' शंभर. शेरा: 'प्रगती समाधानकारक.' पंचाण्णव. आणि बल्बखाली धरलेल्या प्लगच्या टोकावर तो रंग अवतरला. बिस्किटी. नुकतंच भट्टीतून निघाल्यासारखं. शेरासाहेबांनी सत्तावीस वर्षांत प्रथमच हिरवी शाई काढली आणि लिहिलं: 'मंजूर.'

गाडीही पंचाण्णववर अशी पळाली की बस! हलकी, चपळ, आवाज कसा खणखणीत. उपाशी इंजिन जाम होण्याआधी सगळ्यात सुंदर पळतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माणसांचंही तसंच असतं म्हणा. तोंडावर पडायच्या आदल्या दिवशी माणूस केवढा रुबाबात चालतो!

त्या रुबाबात शेरासाहेब शर्यतीचा फॉर्म भरायला गेले. खिडकीपलीकडे शर्यतीचे सचिव, हातात सुपारीएवढा रबरी शिक्का.

"गाडीचा आराखडा तीन प्रतींत. साक्षांकित."

"दोन आणल्यात."

"मग त्रुटी आहे," सचिव प्रेमाने म्हणाले. "ओळखलं नाहीत ना मला? टाकीच्या चढावरचं घर. नळजोडणी. सात महिने लागले. तुम्ही मला अकरा वेळा बोलावलंत."

शेरासाहेबांच्या घशाला कोरड पडली. पाणी मागायची मात्र हिंमत झाली नाही.

"मी तसला माणूस नाही," सचिव म्हणाले. "चौथ्या खेपेला प्रवेश देईन."

आणि दिला. चौथ्या खेपेला, हसत. घरी येताना शेरासाहेब वाटभर स्वतःशी पुटपुटत होते. शिव्या सचिवांना होत्या की आणखी कुणाला, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

अर्ज स्वीकारला गेला, तेव्हा त्यांनी एक घोडचूक केली. चेअरमन, डॉक्टर आणि स्वतःची बायको यांना सकाळी साडेसहाला टाक्यांमागच्या रस्त्यावर बोलावलं. म्हणे, बघाच आता.

बघितलं. शेरासाहेब सुटले. सहाशे मीटरांतले चारशे मीटर एखाद्या शिट्टीसारखे गेले. डॉक्टरांच्या तोंडून "अरे वा" निघालंसुद्धा. मग 'कच' असा आवाज झाला, मागचं चाक जागच्या जागी थांबलं, आणि गाडी घसरत घसरत, पाटावर बसल्यासारखे शेरासाहेब वर घेऊन, टाक्यांमधला गाळ वाळत घालायच्या खड्ड्यात गेली. गाळ मऊ होता. हाडं वाचली, अब्रू बुडाली. खात्याने शहराच्या पाण्यातून बाजूला काढलेली सगळी घाण त्या खड्ड्यात असते, आणि आता तिच्या मधोमध हेडक्लार्क.

"साहेब!" चेअरमन काठावरून ओरडले. "पूर्तता करून पुन्हा सादर करा!"

हे वाक्य चेअरमनला कुठून माहीत? कारण त्यांचाही अर्ज कधीतरी परत गेला होता. या गावात कुणाचा गेला नव्हता?

शेरासाहेब खड्ड्यातून वर आले, गाडी ढकलत घरी गेले. अंघोळ केली, जिन्याखालच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले. पिस्टनने सिलिंडर पकडला होता. दुसरा एकच शिल्लक. शर्यतीला पाच आठवडे. तो करारनामा दाराच्या मागे टाचणीने लावलेला होता, आणि त्यातला 'भंगारवाला' हा शब्द बाकीच्यांपेक्षा ठळक दिसत होता.

बायको दारात येऊन उभी राहिली.

"शेवटचा प्लग कुठाय?"

"रंग बरोबर होता," ते म्हणाले. "मी स्वतः बघितला. बिस्किटी. हा बघ." त्यांनी प्लग बल्बखाली धरला. "बघ ना! आहे की नाही?"

तिने प्लग त्यांच्या हातातून घेतला आणि बाहेर अंगणात गेली. ते मागोमाग. सकाळच्या स्वच्छ उजेडात तिने तो तळहातावर ठेवला.

पांढरा. खडूसारखा पांढरा.

शेरासाहेब आत गेले, बल्बखाली प्लग धरला. बिस्किटी. बाहेर आले. पांढरा. पुन्हा आत. डॉक्टर गॅलरीतून ब्रश तोंडात धरून हा आत-बाहेरचा खेळ बघत होते, पण या वेळी साहेबांचं तिकडे लक्षही नव्हतं.

"पिवळ्या बल्बखाली पांढरं बिस्किटी दिसतं आणि तपकिरी काळं," बायको म्हणाली. "आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीलासुद्धा पहिल्या दिवशी हे सांगतात. रंग दुकानात विकायचा, पण बघायचा दारात येऊन. किती लोकांच्या भिंती यापायी वाया गेल्यात माहितीये?"

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"म्हटलं होतं, इकडे आणा. तुम्ही म्हणालात, ही दिवाणखान्याची भिंत नाही."

शेरासाहेबांनी खाली बघितलं, अंगठ्याने फरशीवरचा एक न दिसणारा डाग घासला, आणि सत्तावीस वर्षांत कुणालाही म्हटलं नव्हतं ते म्हणाले.

"चुकलं माझं. बघशील का तू?"

"बघते. पण एक विचार करा. गाडी पोचली तर खोली माझ्या हातून जाते. माझ्याच डोळ्यांनी मी माझी खोली घालवायची?"

हे शेरासाहेबांच्या ध्यानात आलंच नव्हतं. तिने प्लग बोटांत फिरवला.

"आणा पुढचा," ती म्हणाली. "रंग चुकीचा सांगणं मला जमत नाही. सवय नाही."

लेथवाल्याने सिलिंडर घासून दिला आणि वर बजावलं, "साहेब, या पिस्टननंतर माझ्याकडे यायचं नाही. गाडीला वाहायला फुलं घेऊन जायचं." दुसऱ्या दिवसापासून साडेसहाला टाक्यांमागे दोघं. पाना आता शेरासाहेबांच्या खिशात. गाडी थांबली की जागच्या जागी प्लग निघायचा, आणि बायको पर्समधून दुकानाचं शेड कार्ड काढायची. पत्त्यांच्या पंख्यासारखं उघडायचं ते, बाराशे रंगांचं. त्यातली एकशे बेचाळीस नंबरची पट्टी तिने मुडपून ठेवली होती. प्लग त्या पट्टीशेजारी धरायचा, आधी उन्हात, मग सावलीत, आणि मग निकाल.

"फिकट. पट्टीवर दोन घरं खाली, गडद हवं."

"फिकटच. एक घर."

जेट वाढवत वाढवत एकशे पाचवर आले तेव्हा ती म्हणाली, "हा." एवढंच. वहीत शेरासाहेबांनी तसाच शेरा लिहिला: 'हा.'

शर्यतीची सकाळ उजाडली ती कडाक्याच्या थंडीची. बंद पडलेली एक जुनी धावपट्टी, कडेला गवत, चौदा गाड्या, आणि चौदाही जणांच्या तोंडातून वाफा. सरावाच्या फेऱ्या झाल्या. शेरासाहेब परत आले, प्लग निघाला, बायकोने पट्टी लावली. उन्हात बघितला, सावलीत बघितला. आणि मान हलवली.

"फिकट पडलाय."

"असं कसं? परवापर्यंत बरोबर होता. जेट तोच, पेट्रोल तेच!"

"ते तुम्ही शोधा. मी रंग सांगतेय. एकशे बेचाळीस नाही, एकशे चाळीस आहे."

शेजारच्या गाडीचा मालक खो खो हसला. "वहिनी, थंडीत माणसंपण फिकट पडतात हो!"

थंडी! शेरासाहेबांच्या डोक्यात उजेड पडला. थंड हवा दाट असते. हवा जास्त, म्हणजे पेट्रोलही जास्त लागणार. त्यांनी जेटची डबी उघडली. एकशे पाचच्या वर त्यांच्याकडे एकच जेट होता. एकशे दहा. त्यांनी पहिल्याच दिवशी ज्याच्यावर 'कायमचा बाद' असा शेरा मारला होता तो.

पाच मिनिटं उरली होती. गुडघ्यावर वही. तो माणूस जेट बदलायच्या आधी काय करतो, तर पहिल्या पानावरचा शेरा खोडतो, बाजूला आद्याक्षरांची सही करतो आणि लिहितो: 'पुनर्विचारान्ती मंजूर.' मग कार्ब्युरेटर उघडतो. अशा माणसाचं काय करायचं, सांगा!

शर्यत सुटली. शेरासाहेब सुटताना चौदावे होते आणि दुसऱ्या फेरीपर्यंत त्यात बदल झाला नाही. तिसऱ्या फेरीत खो खो हसणाऱ्याची गाडी 'कच' करून थांबली. हा आवाज शेरासाहेबांनी ओळखला. पुढल्या वळणाला आणखी एक. सहाव्या फेरीत एकदम दोन. पहिला आलेला पोरगेलासा गडी त्यांना दोनदा ओलांडून गेला, दुसऱ्या वेळी हात हलवून. आठव्या फेरीला एक गाडी गवतात गेली. एकशे दहावर शेरासाहेबांची गाडी काही शिट्टीसारखी पळत नव्हती. जरा जाड्या आवाजात, घसा बसलेल्या गवयासारखी, पण न थांबता. पंचाण्णवच्या खणखणाटाची त्यांना एकदाही आठवण आली नाही.

दहावी फेरी. धावपट्टीच्या टोकाला सचिव झेंडा घेऊन उभे. त्यांनी झेंडा खाली केला, आणि शेरासाहेब ऐकू शकतील एवढ्या मोठ्याने म्हणाले, "पहिल्या खेपेत झालं की हो, साहेब!"

बायको धावत आली ती पाना घेऊनच. प्लग काढला. पंखा उघडला. एकशे बेचाळीसच्या पट्टीशेजारी प्लगचं टोक धरलं, आणि कुठे पट्टी संपते आणि कुठे प्लग सुरू होतो ते कळेना. तिने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. शेरासाहेबांचा ऊर हेल्मेटच्या पट्ट्यापर्यंत भरून आला, आणि तो गाडीमुळे नव्हता.

घरी अंगणात डॉक्टर होतेच.

"काय, साहेब? कितवे?"

"नववे," बायको म्हणाली.

"किती जणांत?"

"चौदा."

पोचले किती, ते डॉक्टरांनी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

करारनाम्याप्रमाणे खोली शेरासाहेबांची झाली. सोमवारी त्यांनी चेअरमनकडे अर्ज दिला: जिन्याखालच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला खिडकी पाडायची आहे. प्रयोजन: पत्नीच्या रंगजुळणीच्या व्यवसायासाठी. गाडी एका कोपऱ्यात मावते.

चेअरमनने इतकी वर्षं हीच संधी जपली होती. चौथ्या दिवशी अर्ज परत आला, लाल शाईत: 'खिडकीची आवश्यकता सिद्ध होत नाही. तज्ज्ञाचे मत व पुरावा जोडावा. त्रुटी आहे.'

शेरासाहेबांनी शेरा वाचला. राग आला नाही. उलट, अक्षर सुवाच्य आहे असं वाटलं. त्यांनी कोरा कागद घेतला आणि लिहिलं:

'तज्ज्ञाचे मत: घेतले. तज्ज्ञ: माझी पत्नी. या मतास साक्षांकनाची आवश्यकता नाही. पुरावा सोबत जोडला आहे. परिशिष्ट अ: वापरलेला प्लग, एक नग. कृपया दारात येऊन पाहावा.'

आणि कागदाच्या कोपऱ्याला भोक पाडून, फायलीच्या नाडीने, त्यांनी तो खडूसारखा पांढरा प्लग पक्क्या गाठीने बांधला.